२४० मुलींचं होस्टेल प्रीफॅब हायब्रीडमध्ये दहा महिन्यांत होईल का? माझं सविस्तर उत्तर

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. कराडपासून थोडं आत संस्थेची दीड एकर जागा आहे, नर्सिंग कॉलेजच्या २४० मुलींसाठी होस्टेल बांधायचंय, आत्ता ऑगस्ट चालू आहे आणि पुढच्या जूनला मुली राहायला यायला हव्यात. एक कंपनी म्हणते प्रीफॅब हायब्रीडमध्ये पाच महिन्यांत देतो, तुमचे जुने आर्किटेक्ट म्हणतात त्या नादाला लागू नका, आणि ट्रस्टी मंडळी मधल्यामधे अडकलीत. मी गेली बावीस वर्षं स्ट्रक्चरल डिझाइन करतोय, त्यात होस्टेलं बरीच केली, काही प्रीकास्टमध्ये (म्हणजे काँक्रीटचे भाग फॅक्टरीत ओतून साइटवर जोडायचे), काही स्टील फ्रेममध्ये, बाकी नेहमीच्या आरसीसीत. त्यामुळे जरा सविस्तर लिहितो.

मला वाटतं तुमचे आर्किटेक्ट आणि ती कंपनी दोघं आपापल्या जागी बरोबर आहेत, फक्त ते दोन वेगळ्या गोष्टींबद्दल बोलतायत. कंपनीचे पाच महिने कुठून मोजायचे हे विचारलंत का? माझ्या अनुभवात ते "ड्रॉइंग फायनल झाल्यावर आणि प्लिंथ (जोतं) ताब्यात मिळाल्यावर" मोजतात, कोटेशनच्या शेवटच्या पानावर बारीक अक्षरात असतं ते. म्हणजे तुमचा खरा प्रश्न प्रीफॅब चांगलं की वाईट हा नाहीच, खोलीतला प्रत्येक स्विच, प्रत्येक नळ आणि प्रत्येक खिडकी कुठे असणार हे तुमची संस्था ऑक्टोबर अखेरपर्यंत ठरवून त्यावर सही करू शकते का, हा आहे. त्याचं उत्तर हो असेल तर पुढचं वाचा. नसेल तर आर्किटेक्टचं ऐका, मनापासून सांगतो.

आधी हायब्रीड म्हणजे काय ते बोलू, कारण प्रीफॅब म्हटलं की लोकांच्या डोळ्यासमोर साइटवरची पोर्टा केबिन येते. हायब्रीडमध्ये इमारतीचा काही भाग फॅक्टरीत बनतो, काही जागेवर ओततात, आणि दोन-तीन मटेरियल एकत्र येतात. पाया कायम जागेवरच होतो. जिना, लिफ्टचा खड्डा आणि त्याभोवतीच्या भिंती मी जागेवर आरसीसीत करतो. बाकीचे स्लॅब, भिंती, बाथरूम यातलं काय फॅक्टरीतून आणायचं ते जागा पाहून ठरतं.

होस्टेलला हे चांगलं बसतं, कारण एकच खोली पुन्हा पुन्हा येते. तुमच्या २४० मुली, एका खोलीत तिघी, म्हणजे ८० खोल्या, मजल्यावर २० धरल्या तर तळमजला अधिक तीन मजले. उंची साधारण १२ मीटर. हे मुद्दाम सांगतोय, कारण नॅशनल बिल्डिंग कोड २०१६ मध्ये १५ मीटरपासून इमारत हायराइज धरतात आणि आगीच्या अटी एकदम वाढतात, त्यामुळे "अजून एक मजला चढवू" असं कोणी मीटिंगमध्ये म्हणालं तर तिथेच थांबवा. ८० खोल्या एकाच मापाच्या ठेवल्या तर साचे कमी लागतात, साचे कमी तर खर्च कमी. पण कोपऱ्यातली खोली जरा मोठी, रेक्टर मॅडमची वेगळी, तळमजल्यावर मेससाठी कॉलम काढून टाका असं सुरू झालं की सगळा फायदा तिथेच जातो. मेस आणि अभ्यासिका बाजूला वेगळ्या एक मजली इमारतीत काढा, ती साध्या पद्धतीने बांधा.

एक उदाहरण देतो, आम्ही लोक हे फार अभ्यासतो. कॅनडात व्हँकुव्हरला युनिव्हर्सिटी ऑफ ब्रिटिश कोलंबियाचं ब्रॉक कॉमन्स टॉलवुड हाऊस म्हणून विद्यार्थ्यांचं होस्टेल आहे, १८ मजली, ५३ मीटर उंच, ४०४ विद्यार्थी राहतात, २०१७ मध्ये सुरू झालं. लोक त्याला लाकडाची इमारत म्हणतात पण ते खरं हायब्रीड आहे. तळमजला काँक्रीटचा, जिना-लिफ्टचे दोन गाभे काँक्रीटचे, वरचे कॉलम चिकटवलेल्या लाकडाचे, स्लॅब लाकडाच्या जाड फळ्यांचे, कॉलमांचे सांधे स्टीलचे, बाहेरच्या भिंती फॅक्टरीत खिडक्यांसकट तयार करून आणलेल्या. लाकडी सांगाडा ७० दिवसांच्या आत उभा राहिला. हे ७० दिवसच सगळीकडे सांगितले जातात. त्याच्या आधी काय झालं ते कोणी सांगत नाही. काँक्रीटचे दोन्ही गाभे आधी पूर्ण करून घेतले होते, पूर्ण इमारत पाइप-वायरींसकट कॉम्प्युटरवर बांधून पाहिली होती, दोन मजल्यांचा खऱ्या मापाचा नमुना उभा करून सांधे तपासले होते, आणि लाकूड चढवायचं काम २०१६ च्या उन्हाळ्यात धरलं कारण तिथे पाऊस हिवाळ्यात जास्त असतो. आपल्याकडे लाकूड परवडणार नाही आणि गरजही नाही, पण कामाचा क्रम मात्र जसाच्या तसा घेण्यासारखा आहे. आपला कोरडा काळ नोव्हेंबर ते मे.

आता तुमचं कॅलेंडर उलटं लावून बघू. जूनच्या मध्याला मुली येणार तर मे महिना रंग, फर्निचर, पाणी-वीज कनेक्शन, फायरची कागदपत्रं यातच जाणार. म्हणजे मार्च अखेर सांगाडा आणि भिंती उभ्या हव्यात, एप्रिलमध्ये वायरिंग, प्लंबिंग, टाइल्स. उभारणीला एका क्रेनवर माझ्या कामांमध्ये मजल्याला आठ ते दहा दिवस लागलेत, वर ग्राउटिंग (सांध्यांत पातळ सिमेंट मसाला भरणं) आणि टॉपिंगचे (फळ्यांवर काँक्रीटचा थर ओतण्याचे) दिवस, म्हणजे चार मजल्यांना सात-आठ आठवडे धरा. तर जानेवारीच्या मध्याला पहिलं पॅनल, म्हणजे फॅक्टरीत ओतलेली भिंत, चढलं पाहिजे. त्यासाठी नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये पाया आणि प्लिंथ, आणि त्याच वेळी तिकडे फॅक्टरीत पॅनलं ओतली जातायत. वेळ वाचतो तो इथे, पाया आणि पॅनल एकाच वेळी चालू असतात म्हणून. पण पॅनल नोव्हेंबरात ओतायचं तर ड्रॉइंग ऑक्टोबर अखेर पक्कं हवं, आणि माती परीक्षण तर आत्ताच, या आठवड्यात सांगा. बांधकाम परवानगी अजून घेतलेली नसेल तर हे सगळं कॅलेंडर तेवढंच पुढे सरकलं असं समजा. नेहमीच्या आरसीसीत एवढ्या कामाला मला १४ ते १६ महिने लागलेत, त्यामुळे दहा महिने शक्य आहेत, पण त्यात एक महिन्याचीसुद्धा सैल जागा नाही.

ड्रॉइंग पक्कं म्हणजे किती पक्कं ते माझ्या एका कामावरून सांगतो. संस्थेचं नाव घेत नाही. प्रीकास्ट होस्टेल, पॅनलं निम्मी ओतून झाली होती, आणि मग पहिल्यांदाच रेक्टर मॅडमना प्लॅन दाखवला. त्यांनी विचारलं गीझर कुठे, मुली कपडे कुठे वाळत घालणार, सॅनिटरी पॅडचं इन्सिनरेटर कुठे बसणार. प्रश्न शंभर टक्के बरोबर होते, विचारायला आम्हाला फार उशीर झाला होता. नेहमीच्या भिंतीत वायरमन झिऱ्या मारतो आणि विषय संपतो. इथे प्रीकास्ट पॅनलमध्ये कोअर कटिंग (मशीनने गोल भोक कापणं) करावं लागलं, प्रत्येक भोकाआधी सळई कुठे आहे ते स्कॅन करायचं, तरी दोन-तीन ठिकाणी सळई कापली गेली आणि तिथे बाहेरून मजबुतीकरण करावं लागलं. पुढच्याच पावसात त्यातल्या काही भोकांतून ओल आली. तेव्हापासून मी पहिल्या मीटिंगला रेक्टर, मेसवाल्या मावशी, संस्थेचा प्लंबर आणि दोन-तीन विद्यार्थिनी यांना बसवतो. एका खोलीचा खरा नमुना साइटवर आधी बांधून घेतो, त्यात बेड, कपाट, टेबल ठेवून मुलींना फिरून बघायला सांगतो. पंधरा-वीस दिवस जातात त्यात, पण त्याशिवाय मी पॅनलच्या ड्रॉइंगवर सही करत नाही.

आता कुठलं हायब्रीड? हे तुमच्या साइटवर अवलंबून आहे आणि मी साइट पाहिलेली नाही, म्हणून कसा विचार करतो ते सांगतो. पहिली गोष्ट रस्ता. प्रीकास्ट पॅनल आणि स्लॅब ट्रेलरवर येतात, बारा मीटरच्या आसपासचा ट्रेलर तुमच्या गावातल्या शेवटच्या वळणावर वळतो का ते स्वतः उभं राहून बघा, वरच्या विजेच्या तारा बघा, ओढ्यावरचा पूल बघा. पूर्ण खोलीच डब्यासारखी तयार करून आणायची म्हटली तर गाडीची रुंदी २.६ मीटरच्या वर जाते, मग ओडीसीची, म्हणजे मापाबाहेरचा माल नेण्याची, परवानगी वगैरे लागते, तुमच्या ठिकाणी मी त्या वाटेला जाणारच नाही.

दुसरं वजन आणि क्रेन. हिशोब सोपा आहे. ३ मीटर उंच, ५.४ मीटर लांब, १५० मिमी जाड भिंतीचं पॅनल म्हणजे जवळपास सहा टन. १.२ मीटर रुंद आणि ७.२ मीटर लांब होलोकोअर स्लॅबची (आतून लांब पोकळ्या असलेला फॅक्टरीतला स्लॅब) फळी सव्वादोन-अडीच टन. क्रेनवर ५० टन लिहिलेलं असतं ते हात जवळ असताना, तोच हात वीस-बावीस मीटर लांब केला की ताकद काही टनांवर येते. आणि तुमच्याकडे काळी माती असेल तर क्रेनचे पाय टेकवायला मुरूम आणि सोलिंगचा चांगला कडक पट्टा इमारतीच्या दोन बाजूंनी करून घ्यावा लागेल, हा खर्च कुठल्याच कोटेशनमध्ये नसतो.

तिसरं, फॅक्टरी किती लांब. एका होस्टेलसाठी कोणी साइटवर प्रीकास्ट यार्ड टाकणार नाही, ८० खोल्यांत ते वसूल होत नाही. केंद्राच्या लाइट हाऊस प्रोजेक्टमध्ये, म्हणजे नव्या पद्धतींनी घरं बांधून दाखवायच्या योजनेत, चेन्नईला ११५२ घरं प्रीकास्टमध्ये झाली, तिथे आकडाच एवढा मोठा होता. त्याच योजनेत इंदूरला १०२४ घरं स्टील फ्रेम आणि सँडविच पॅनलमध्ये झाली. म्हणजे सरकारी पातळीवरसुद्धा सगळीकडे एकच पद्धत लावली नाही.

हे सगळं धरून, तुमच्या जागी मी असा विचार केला असता. शे-सव्वाशे किलोमीटरच्या आत चालू प्रीकास्ट फॅक्टरी असेल आणि रस्ता बरा असेल तर भिंती आणि होलोकोअर स्लॅब तिथून आणा, जिना-लिफ्टचा गाभा जागेवर. तसं नसेल तर स्टीलची फ्रेम बोल्टिंगची, त्यावर डेक शीट (पन्हाळीचा स्टीलचा पत्रा) टाकून काँक्रीटचा स्लॅब, आणि भिंती एएसी ब्लॉकच्या (हलक्या सच्छिद्र काँक्रीटच्या विटा). हे दुसरं कमी चमकदार वाटतं पण तुमच्या भागात फॅब्रिकेटर मिळतात, ब्लॉक लावणारे गवंडी मिळतात, आणि रेक्टर मॅडमनी उद्या भोक मागितलं तर ब्लॉकच्या भिंतीत ते मारता येतं. फक्त स्टीलला आगीपासून संरक्षण द्यावंच लागतं. ५५० अंशांच्या आसपास स्टीलची निम्मी ताकद जाते, साध्या आगीत तेवढं तापमान सहज होतं. बोर्डाने झाका किंवा फायरचा रंग द्या, पण किती तासांचं रेटिंग ते लेखी घ्या. कोडमध्ये होस्टेल निवासीच्या ए-३ गटात येतं, म्हणजे डॉर्मिटरी, आणि तिथे लोक झोपलेले असतात हे धरूनच नियम केलेत.

आता सांधे. या विषयावर मी कुठलीही तडजोड करत नाही, आणि तुम्हीही करू नका. पॅनल फॅक्टरीत बनतं त्यामुळे पॅनल बहुतेक चांगलंच असतं, जे बिघडतं ते दोन पॅनलच्या मधे. १९६८ च्या मे महिन्यात लंडनला रोनन पॉइंट नावाची २२ मजली पॅनलची इमारत, अठराव्या मजल्यावर गॅसचा स्फोट झाला, एक भिंत बाहेर गेली आणि त्या कोपऱ्यातले सगळे मजले पत्त्यासारखे खाली आले, चार माणसं गेली. भिंती एकमेकींना नीट बांधलेल्याच नव्हत्या. १९८८ च्या डिसेंबरात आर्मेनियाच्या भूकंपात लेनिनाकान शहरात नऊ मजली प्रीकास्ट फ्रेमच्या इमारती मोठ्या संख्येने कोसळल्या, आणि त्याच शहरातल्या मोठ्या पॅनलच्या इमारती मात्र बऱ्यापैकी टिकल्या. प्रीकास्ट दोन्हीकडे होतं, फरक होता सांगाडा कसा जोडलाय आणि धक्का घ्यायला भिंती किती आहेत यात. तुम्ही कोयनेपासून लांब नाही. ११ डिसेंबर १९६७ चा भूकंप तुमच्याकडच्या जुन्या लोकांना आठवत असेल. त्यामुळे कंपनीच्या डिझाइनरला विचारा की भूकंपाचा आडवा जोर स्लॅबमधून गाभ्यापर्यंत कसा जातो, दाखवा. होलोकोअर फळ्या नुसत्या शेजारी शेजारी ठेवून चालत नाही, वर जाळी टाकून ६०-७५ मिमीचं टॉपिंग लागतं, फळीचं टेकण (टोक आधारावर जेवढं बसतं ते) मी किमान ७५ मिमी धरतो, आणि भिंतींच्या उभ्या-आडव्या सांध्यांत सळया एकमेकींत अडकवून न आकसणारा ग्राउट भरलेला हवा. आयएस १५९१६ आणि आयएस ११४४७ ही अशा बांधकामाची आपली कोड आहेत, त्यांचं नाव काढल्यावर समोरचा गडबडला तर समजून जा. ग्राउट खरंच आत भरला का हे बाहेरून दिसत नाही, म्हणून तुमच्या बाजूचा एक स्वतंत्र इंजिनिअर उभारणीचे ते दोन महिने पूर्ण वेळ साइटवर ठेवा, त्याचा पगार वाचवू नका.

पावसाचं पाणीही सांध्यातूनच येतं. नुसत्या सीलंटवर विश्वास ठेवू नका, तो दहा-बारा वर्षांत बदलावा लागतो. पॅनलच्या कडेलाच खाच आणि पाणी गळून पडायला ड्रिप असं डिझाइन हवं, म्हणजे सीलंट फाटला तरी पाणी आत वळत नाही. पाटणच्या बाजूचा पाऊस तुम्हाला मी सांगायला नको. पश्चिमेच्या भिंतीवर खिडक्यांना मोठे छज्जे द्या, कंपनी म्हणेल साचा बदलावा लागेल, बदलू दे.

पाया करणारा तुमचा स्थानिक ठेकेदार आणि वर येणारा फॅक्टरीवाला यांच्यातला सांधा कागदावरचा असतो, तोही तितकाच गळतो. स्थानिक ठेकेदाराला वीस मिमी इकडेतिकडे चालतं याची सवय असते, फ्रेमचे अँकर बोल्ट मात्र दोन-तीन मिमीत बसावे लागतात. बोल्ट चुकले तर दोघं एकमेकांकडे बोट दाखवतात आणि क्रेनचं भाडं तुमचं चालू. पाया झाल्यावर टोटल स्टेशनने (सर्वेक्षणाचं अचूक मोजणी यंत्र) मोजून दोघांच्या सह्या घ्या, मगच ट्रेलर मागवा.

बाथरूमबद्दल थोडं. तयार बाथरूम पॉड फार छान वाटतात, टाइल्स-नळ-कमोडसकट येतात. पण खोलीला जोडून एकसारखी ८० बाथरूम असतील आणि कंपनीकडे तो साचा आधीच असेल तरच. तुम्ही मजल्यावर सामायिक बाथरूम करणार असाल तर तो ब्लॉक गाभ्याला लागून जागेवर ओता, एकावर एक, मधे माणूस आत शिरू शकेल एवढी डक्ट ठेवा. होस्टेलला माणशी दिवसाला १३५ लिटर पाणी धरतात, २४० मुलींचं ३२,४०० लिटर झालं, म्हणजे वरच्या टाकीत बत्तीस टन. हे वजन हलक्या फ्रेमवर टाकू नका, गाभ्याच्या डोक्यावरच टाकी बसवा.

आणखी एक, तुमच्या मुली नर्सिंगच्या आहेत. नाइट ड्युटी करून सकाळी येऊन झोपणार. भर उन्हात, दिवसा, बाकीच्या मुली जिन्यातून वर-खाली करत असताना. त्यामुळे पत्र्याच्या फ्रेमवर नुसते पातळ बोर्ड लावलेल्या भिंती कंपनी स्वस्तात देऊ करेल त्या दोन खोल्यांच्या मधे घेऊ नका, आवाज आरपार जातो. घ्यायच्याच असतील तर दोन्हीकडून दुहेरी बोर्ड आणि मधे रॉकवूल. छतावर इन्सुलेशन हवंच, १५० मिमीची नुसती काँक्रीट भिंतही एप्रिलमध्ये रात्रीपर्यंत गरम राहते. हा खर्च बजेट कमी पडल्यावर सगळ्यात आधी कापला जातो हे मी बऱ्याच ठिकाणी पाहिलंय, आणि मग त्या मुली चार वर्षं नीट झोपत नाहीत.

पैशाचं असं आहे की चौरस फुटाला प्रीफॅब स्वस्त पडेल असं धरू नका, माझ्या कामांत एका इमारतीपुरतं ते थोडं महागच पडलंय. फायदा एक वर्ष आधी होस्टेल सुरू होण्याचा आणि त्या वर्षात मुलींना गावात भाड्याने राहावं न लागण्याचा. पण पैसे जाण्याचा वेग वेगळा असतो, फॅक्टरी सुरुवातीलाच मोठा अ‍ॅडव्हान्स मागते आणि बँक मात्र साइटवर दिसणाऱ्या कामावर हप्ता सोडते. पॅनल फॅक्टरीच्या यार्डात पडलेलं असेल तर मॅनेजर म्हणतो काम कुठे दिसतंय. कर्ज घेणार असाल तर हे आधीच बोला, अ‍ॅडव्हान्सच्या बदल्यात कंपनीकडून बँक गॅरंटी घ्या, आणि ओतलेल्या पॅनलांवर संस्थेचं नाव आणि नंबर घालून घ्या.

थोडक्यात सांगायचं तर माती परीक्षण आत्ता, खोलीचा नमुना सप्टेंबरमध्ये, ड्रॉइंगवर सह्या ऑक्टोबर अखेर. ही शेवटची तारीख चुकली तर जूनचा हट्ट सोडा, त्यापुढच्या जूनसाठी निवांत बांधा आणि एक वर्ष मुलींची सोय भाड्याच्या जागेत करा. उभारणी पावसात ढकलून घाई केलेली दोन कामं मी नंतर दुरुस्त केलीत, ते तुमच्या वाट्याला यायला नको. आणि आर्किटेक्टना बाजूला करू नका, त्यांना तुमच्या बाजूने त्या कंपनीसमोर बसवा.

कंपनीला भेटाल तेव्हा त्यांनी निदान चार-पाच पावसाळे आधी पूर्ण केलेलं होस्टेल दाखवायला सांगा, नवीन नको. ऑगस्ट आहेच, भर पावसात जा, सगळ्यात वरच्या मजल्यावरच्या पश्चिमेच्या खोलीत जाऊन भिंतीच्या सांध्यावर हात ठेवून बघा, आणि ऑफिसात बसण्याआधी तिथल्या प्लंबरशी दहा मिनिटं बोला. काम सुरू झालंच तर शेवटचं बिल देण्याआधी प्रत्येक मजल्याचं एक ड्रॉइंग मराठीत करून घ्या, कुठे भोक मारायचं आणि कुठे अजिबात मारायचं नाही, विशेषतः होलोकोअरमधल्या ताणलेल्या तारा कुठून जातात ते, आणि ते फ्रेम करून रेक्टरच्या खोलीत लावा. दहा वर्षांनी पंखा किंवा पडद्याचा रॉड बसवायला येणारा माणूस आपल्यापैकी कोणालाच फोन करणार नाहीये.

माती परीक्षणाचा रिपोर्ट आला की टाका इथे, त्यावरून पायाचं सांगतो.